अख्खं टेबल म्हणजे एकच ताट

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदूत पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही सहा जण एका छोट्या खानावळीत जेवायला गेलो. मेन्यूत फोटो होते, त्यामुळे चिनी वाचता येत नसूनही अडलं नाही. आपल्याकडच्या सवयीने प्रत्येकाने स्वतःसाठी एकेक पदार्थ बोट ठेवून मागवला. सहा पदार्थ आले. सहाही लालभडक, सहांवरही तेलाचा जाड तवंग. दहा मिनिटांत ओठ बधिर झाले आणि तिसऱ्या पदार्थापासून पुढे कोंबडी कुठली नि मासा कुठला, हे चवीवरून सांगता येईना. पोट भरलं, पण जेवलो असं काही वाटलं नाही.

पंधरवड्याने तिथेच पुन्हा गेलो. या वेळी ऑफिसमधली एक चेंगदूची मैत्रीण बरोबर होती. मेन्यू तिने ताब्यात घेतला. 'कोणाला काय हवं' हे तिने विचारलंच नाही. 'कोणाला काय चालत नाही' एवढं विचारलं, टेबलाभोवतीची डोकी मोजली आणि आठ पदार्थ सांगून मोकळी झाली. त्यातले खरे तिखट तीनच. त्या रात्री आम्ही दोन तास जेवत होतो आणि शेवटच्या घासापर्यंत प्रत्येक पदार्थाची चव वेगळी कळत होती.

खानावळ तीच होती, बहुधा आचारीही तोच. बदललं होतं ते फक्त मागवणं. सिचुआनी जेवण म्हणजे काय, हे मला तिथे उमगायला लागलं.

आपल्या पानाचं उदाहरण घेऊ. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या, आमटी, मधे भात. लसणाची चटणी कोणी वाटीभर घेऊन खात बसत नाही. तिचा तिखटपणा वरणभाताशेजारी शोभतो, कोशिंबिरीने निवतो, ताकाने धुऊन निघतो. पानाची चव या येण्याजाण्यात असते. सिचुआनी जेवण नेमकं असंच आहे, फक्त पान प्रत्येकाचं वेगळं नसतं. अख्खं गोल टेबल हेच सगळ्यांचं एक ताट, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःचं म्हणून काय, तर भाताचा एक वाडगा. आम्ही पहिल्या दिवशी काय केलं, तर सहा वाट्या चटणी मागवली.

त्यांच्याकडे 'श्याफान' असा एक शब्द आहे. शब्दशः अर्थ भात खाली उतरवणारं. एखादा पदार्थ चांगला श्याफान आहे म्हणजे त्याच्या जोडीला भात भराभर जातो. आपण 'तोंडी लावणं' म्हणतो ते हेच. भात बिनमिठाचा, साधा, वाफेचा असतो. काही खानावळींत तो लाकडी पिंपात शिजवून तसाच आणून ठेवतात आणि झाकण काढलं की ओल्या लाकडाचा मंद वास येतो. या भाताला चव नाही म्हणून नाक मुरडू नये. टेबलावरच्या सगळ्या चवी ज्याच्यावर येऊन टेकतात ती जमीन तो आहे.

त्या रात्री मैत्रिणीने काय मागवलं ते सांगते, कारण सगळं गणित त्यात आहे. माणसं सात, पदार्थ आठ. माणसं असतील तितके पदार्थ आणि वर एक, असा तिथला सर्वसाधारण हिशोब. आधी दोन थंड पदार्थ: ठेचून लसूण-व्हिनेगर लावलेली काकडी, आणि उकडून गार केलेल्या कोंबडीवर मिरचीचं लाल तेल ओतलेलं 'कोउश्वेइजी', म्हणजे लाळ सुटवणारी कोंबडी. मग गरम पदार्थ: मापो दोउफू म्हणजे तिखट रसातलं टोफू, वांगी, शेंगदाणे घातलेलं गोंगबाओ चिकन, तेलात बुडालेला मासा, आणि वाटाण्याच्या वेलाचे कोवळे शेंडे नुसत्या लसणीवर परतलेले. आठवं, आंबवलेला मुळा घातलेलं बदकाचं निवळ सूप. एक मऊ, एक कुरकुरीत, एक रसाचा, एक कोरडा. एक लाल असेल तर शेजारी एक हिरवा. कोंबडी सोडली तर मुख्य जिन्नस पुन्हा नाही, शिजवण्याची रीत शक्यतो पुन्हा नाही. आमच्यातला एक जण डुकराचं मांस खात नव्हता, म्हणून तिने 'हुइगुओ रोउ' गाळलं आणि गाळताना तिचा चेहरा खरोखर पडला. आधी उकडून, मग पातळ काप करून परतलेलं ते डुकराचं मांस म्हणजे सिचुआनी माणसाला परगावी सगळ्यात जास्त आठवणारं जेवण.

आता तिखटाकडे वळू. सिचुआनी चव म्हटलं की 'माला' हा शब्द येतो. तो एक शब्द नाही, दोन आहेत. 'ला' म्हणजे मिरचीचा तिखटपणा. 'मा' म्हणजे मुंग्या येणं, बधिर होणं. या दोन संवेदना वेगवेगळ्या नसांवाटे येतात आणि वेगवेगळ्या जिनसांतून येतात.

मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या नसांवरच्या एका ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं. ही ग्राही एरवी ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेची सूचना मेंदूला देते. म्हणून मिरचीने खरंच भाजल्यासारखं वाटतं, मेंदूला तशीच खबर गेलेली असते. ही ग्राही शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे तिखट लागल्यावर गटागटा पाणी पिऊन काही साधत नाही. भाताचा मोठा घास घ्यावा, किंवा काकडी खावी. सूप या कामाला येईल असं वाटतं, पण उकळतं सूप जळजळ आणखी वाढवतं. ते थोडं निवल्यावर घ्यावं.

'मा' येतो तो हुआज्याओमुळे. इंग्रजीतून त्याला सिचुआन मिरी म्हणतात, पण मिरीशी त्याचं काही नातं नाही. नातं आहे ते आपल्या तिरफळाशी. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या तिखल्यात जी तिरफळं पडतात, ती आणि हुआज्याओ एकाच कुळातली, एकाच प्रजातिगटातली सख्खी भावंडं आहेत. (त्रिफळा चूर्णाशी गल्लत करू नये, ते निराळंच.) दोन्हींत उपयोगी पडतं ते वरचं साल; आतली काळी बी कचकच लागते, ती काढून टाकतात. मी वेंगुर्ल्याची. चेंगदूच्या बाजारात पहिल्यांदा मूठभर हुआज्याओ नाकाशी धरलं तेव्हा पावसाळ्यातलं आमचं स्वयंपाकघर आठवलं. पुढे सुट्टीत घरी जाताना एक पुडी नेली. आईने दोन दाणे चुरडून वास घेतला आणि म्हणाली, "गो, ही तिरफळंच. पण लिंबाच्या अंगाची."

ही संवेदना नीट कळायला एक दाणा समोरच्या दातांनी फोडून बघा. आधी लिंबाच्या सालीसारखा वास. अर्ध्या मिनिटाने जिभेच्या टोकाला झिणझिण्या, मग ओठ थरथरताहेत असं वाटतं. आरशात पाहिलं तर ओठ स्थिर असतात. लंडनमध्ये २०१३ साली संशोधकांनी हे मोजलं. माणसांच्या ओठांना हुआज्याओ लावलं, बोटावर एक कंप पावणारं यंत्र ठेवलं आणि दोन्ही थरथरी सारख्या वाटतील तो वेग शोधायला सांगितला. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ५० कंपनं. म्हणजे हुआज्याओतलं सान्शूल नावाचं द्रव्य स्पर्शाच्या नसांना जागं करतं. 'मा' ही रूढ अर्थाने चव नाहीच, तो एक स्पर्श आहे. या बधिरपणामुळे मिरचीचा जाळ थोडा सोसवतो, असं तिथली माणसं सांगतात, आणि माझाही अनुभव तोच आहे.

या दोघांत जुना कोण, तर हुआज्याओ. ते मूळचं तिथलंच. चौथ्या शतकात चांग छू या इतिहासकाराने या प्रदेशातल्या लोकांविषयी लिहून ठेवलं आहे की त्यांना चवीचं कौतुक आहे आणि झणझणीत, सुवासिक खायला आवडतं. तेव्हा मिरची अमेरिका खंडाबाहेर पडलीच नव्हती. चीनमध्ये तिचा पहिला लिखित उल्लेख १५९१ चा. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, म्हणजे आपलं आणि चीनचं हे एक लाल नातं एकाच शतकातलं आहे. सतराव्या शतकातल्या युद्धांनी सिचुआन ओस पडलं, मग इतर प्रांतांतून लोक येऊन तिथे वसले, आणि त्यानंतरच्या काळात मिरची तिथल्या स्वयंपाकात खोल रुजली. हवाही दमट आणि ढगाळ. 'सिचुआनचा कुत्रा सूर्य पाहून भुंकतो' अशी म्हणच आहे, इतकं ऊन दुर्मीळ. तिखटाने अंगातली ओल निघते, असं तिथलं पारंपरिक वैद्यक मानतं.

तिखट मात्र या स्वयंपाकाचा एक कोपरा आहे. तिथले आचारी दोन डझनांच्या आसपास चवीचे प्रकार मोजतात आणि त्यांतले कितीतरी अजिबात तिखट नसतात. लिचीसारखी आंबटगोड चव असते, लसणाची, आल्याची असते, खारटगोड असते. एका प्रकाराचं नावच 'ग्वाइवेइ', म्हणजे विचित्र चव: खारट, गोड, आंबट, तिखट, बधिर आणि तिळाची खमंग, सगळं एकाच वेळी, कोणीही वरचढ न होता. जुन्या मेजवान्यांतला एक पदार्थ आहे, 'उकळत्या पाण्यातला कोबी'. वाडग्यात दिसतं निव्वळ पाणी आणि कोबीचा कोवळा गाभा. ते पाणी म्हणजे कोंबडी, बदक वगैरे तासन्‌तास उकळून, मग चिकनच्या खिम्याने गाळ ओढून घेऊन काचेसारखा नितळ केलेला रस असतो. सिचुआनी आचाऱ्याची खरी परीक्षा यात असते असं मला वाटतं. इथे लाल तेलाखाली काही लपत नाही.

टेबलावरच्या दोन-तीन पदार्थांकडे जरा जवळून पाहू. मापो दोउफूतलं 'मा' हेही तेच अक्षर, पण इथे अर्थ देवीचे व्रण. १८६२ च्या सुमारास चेंगदूच्या वानफू पुलाजवळ छन नावाच्या माणसाची खानावळ होती, त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर व्रण होते. तेलाची ओझी वाहणारे हमाल तिथे थांबत, आणि त्यांच्यासाठी ती हे टोफू करायची, अशी कथा आहे. आज करतात ते असं: टोफूचे तुकडे मिठाच्या पाण्यातून काढून घ्यायचे, कढईत खिमा कुरकुरीत करायचा, मग त्यात दोउबानज्यांग, म्हणजे मुरवलेल्या मिरचीचा एक मसाला, परतायचं, तेल लाल होईपर्यंत. टोफू आणि रस घालून शेवटी स्टार्चची पेस्ट एकदम न ओतता दोन-तीन हप्त्यांत, म्हणजे रस टोफूला बिलगून राहतो. वरून हुआज्याओची ताजी पूड. चमच्याने उचलला की तुकडा थरथरतो पण मोडत नाही. वरच्या तेलाखाली तो बराच वेळ कढत राहतो, म्हणून पहिला घास फुंकून घ्यावा.

दोउबानज्यांग ही या स्वयंपाकाची आधारशिला आहे. चेंगदूजवळच्या पीश्यान भागातलं सगळ्यात नावाजलेलं. बाकल्याचे (फावा बीन्सचे) दाणे आणि खारवलेली लाल मिरची एकत्र करून मातीच्या मोठ्या रांजणांत मुरवतात. रांजण उघड्यावर रांगेने मांडलेले असतात. दिवसा ऊन द्यायचं, रात्री दव, रोज ढवळायचं, पाऊस आला की झाकायचं. वर्षभर किंवा त्याहून जास्त. रंग आधी लाल, मग विटकरी, मग काळपट होतो. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं घालून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या कुठल्याही मराठी घराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

'युशियांग' वांगी म्हणजे माशाच्या वासाची वांगी. त्यात मासा नसतो. मासा करताना जो मसाला वापरतात, म्हणजे लोणच्यातली मिरची, आलं, लसूण, कांद्याची पात, थोडी साखर आणि व्हिनेगर, तो वांग्यांना लावतात. आपण फणसाच्या भाजीला मटणाचा मसाला लावतो, तसंच.

तेलात बुडालेल्या माशाचं नाव मात्र फसवतं: 'श्वेइजू', पाण्यात उकळलेला. मासा खरोखर रस्स्यातच शिजतो, मग वर सुक्या मिरच्या आणि हुआज्याओ पसरून त्यावर कडकडीत तेल ओततात. आमच्या टेबलाशी वाडगा आला तेव्हाही वरचं तेल चरचरत होतं. ते तेल प्यायचं नसतं, त्या मिरच्याही खायच्या नसतात. माशाचा तुकडा उचलायचा, क्षणभर निथळू द्यायचा, भातावर टेकवायचा आणि मग खायचा. या पदार्थाचं मूळ सिचुआनमधल्याच त्सिगोंगच्या मिठागरांत सांगतात. तिथे समुद्र नाही, मीठ जमिनीच्या पोटातून खारं पाणी उपसून काढत. १८३५ मध्ये तिथे खोदलेली शेनहाय विहीर हजार मीटरहून खोल गेली, तेवढी खोल गेलेली जगातली ती पहिली. खारं पाणी ओढायला रहाटाला बैल जुंपत; थकलेल्या बैलांचं मांस मजुरांच्या वाट्याला येई आणि ते मीठ-मसाल्याच्या पाण्यात उकळून खात. माशाचा प्रकार नंतरचा.

गोमांसाचा विषय निघाला म्हणून सांगते. मापो दोउफूत मुळात गाईबैलांच्या मांसाचा खिमा असतो, वांग्यांत आणि फरसबीत बहुतेक वेळा डुकराचा, आणि साधी पालेभाजीही कधी चरबीवर परततात. 'मांस नको' म्हटलं तर आचाऱ्याला ते मोठे तुकडे नकोत असं वाटू शकतं. 'वो छ सू', मी शाकाहारी आहे, असं सांगावं आणि खिमा, चरबी, मांसाचा रस यांची नावं घेऊन विचारावं. आमच्या मैत्रिणीने मापो बिनखिम्याचं आणि वांगी मोहरीसारख्या रेपसीडच्या तेलात करून घेतली, काही बिघडलं नाही. अगदी निश्चिंतपणे जेवायचं असेल तर चेंगदूच्या वनशू मठात शाकाहारी भोजनालय आहे. बौद्ध भिक्षू कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यालाही तिथे बरंच काही मिळेल.

मराठी माणसाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो, तो उष्ट्याचा. सगळे एकाच वाडग्यात काड्या घालणार? घरी पुष्कळदा घालतात. बाहेर जेवताना मात्र वाढायच्या वेगळ्या काड्या मागता येतात, आणि २०२० नंतर अनेक ठिकाणी प्रत्येकापुढे दोन रंगांच्या दोन जोड्याच असतात, एक वाढून घ्यायची, एक खायची. टेबलाच्या मधोमध फिरणारी चकतीही याच काळजीतून चीनमध्ये पुढे आली. पेनांगमध्ये जन्मलेले डॉक्टर वू लियन-तेह यांनी १९१०-११ ची मंचुरियातली प्लेगची साथ आटोक्यात आणली होती. एकाच वाडग्यातून जेवताना रोग पसरतात हे पाहून १९१५ मध्ये त्यांनी फिरत्या तबकाची आणि वाढायच्या वेगळ्या काड्या-चमच्यांची सूचना केली. आज ती चकती फिरवताना एवढंच बघायचं की पलीकडचा कोणी त्याच क्षणी काही उचलत नाही ना. आणि काड्या भातात उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत; मृतांपुढे उदबत्त्या लावतात तसं ते दिसतं.

आग्रह मात्र आपल्यासारखाच. वाडगा रिकामा दिसला की शेजारचा माणूस उत्तम तुकडा शोधून त्यात टाकतो. पोट भरलं असेल तर थोडं शिल्लक ठेवावं. बिलाच्या वेळीही आपल्यासारखीच ओढाताण होते, कोणीतरी हात धुवायला म्हणून उठतो आणि गुपचूप पैसे देऊन येतो.

मुंबई-पुण्यात ज्याला आपण शेजवान म्हणतो ते या प्रांताच्या जुन्या रोमन स्पेलिंगवरून आलेलं नाव. ती लाल चटणी इथल्या चायनीज गाड्यांनी आणि हॉटेलांनी आपल्या जिभेसाठी घडवली. तिच्यात बहुधा हुआज्याओ नसतं, लसूण-मिरची भरपूर असते. मला ती आवडते, डोशावर विशेष. फक्त तिच्या चवीवरून सिचुआनी टेबलाचा अंदाज बांधू नये.

दोन वर्षांनी घरची मंडळी चेंगदूला आली. आई, बाबा, मावशी, भाऊ, वहिनी आणि मी, सहा जण. पहिल्यांदाच माझ्यावर मागवायची जबाबदारी होती. त्याच खानावळीत गेलो आणि मोडक्यातोडक्या चिनीत मी सात पदार्थ सांगितले. वाढणाऱ्या बाईंनी ते कागदावर लिहून घेतले, पेन यादीवरून खाली नेलं आणि एका ठिकाणी थांबल्या. मी हौसेने मिरच्यांतली कोंबडी आणि श्वेइजू मासा दोन्ही मागवले होते. त्यांनी आईकडे पाहिलं, कोंबडीवर रेघ मारली आणि तिथे वाटाण्याचे शेंडे लिहिले.